दोन उपग्रह आणि ऑफिसची टेप

एखाद्या कामात दोन ऑफिसं आणि एक सही घुसली की किस्से आपोआप साचत जातात. आमच्या यवतमाळच्या कॉलेजात तर पोतं भरलंय!

मी, वैशाली आणि राठोडसर, तिघांनी तीन वर्षं घासून एक सॉफ्टवेअर लिहिलं. एकामागे एक उडणाऱ्या दोन छोट्या उपग्रहांनी, आपापल्या जीपीएसवरून, आपसातलं अंतर स्वतःच ओळखायचं. जमिनीवरची चाचणी पास झाली तर ते खऱ्या उपग्रहांवर जाणार होतं. एवढंच मागणं होतं हो!

*

चाचणीसाठी दोन रिसीव्हर मागितले. मंजूर झाला एक! मी तणतणत खरेदी विभागाच्या बाबूकडे गेले.

"मॅडम, एक वापरा न पहिले. तो बिघडला का दुसरा देऊ."

"अहो, दोघांमधलं अंतर मोजायचंय!"

"मंग एकाचंच मोजा. सोपं जाईन!"

*

प्रोजेक्टचं नाव 'रिलेटिव्ह नॅव्हिगेशन'. फाइल शेरा मारून परत आली : 'नातेवाइकांना प्रकल्पात घेता येणार नाही.'

समजावून समजावून आमचे घसे बसले. शेवटी वैशालीनं रागारागात लेखी दिलं, 'सदर दोन्ही उपग्रहांचे एकमेकांशी कोणतेही नाते नाही.'

दुसऱ्या दिवशी फाइल पास!

*

स्थानिक पेपरनं छापलं, 'यवतमाळच्या प्राध्यापकांनी उपग्रह सोडला.' आम्ही अजून कागदच सोडवत होतो!

सकाळीच शेजारच्या काकू दारात. "सोडला न तुमी? मंग आमचा टीव्ही काहून दिसून नाही राह्यला?"

*

अखेर चाचणीचा दिवस उजाडला. मारेगावजवळच्या तांड्यावर राठोडसरांच्या बाबांचं वावर, कापूस निघून मोकळं झालेलं. दोन ट्रॅक्टरांवर दोन रिसीव्हर बसवले, एक मंजूर झालेला, एक उसना आणलेला. तपासायला ऑफिसातून एक साहेब आले, सोबत मोजायची टेप.

ट्रॅक्टर थांबवले. आमच्या स्क्रीनवर अंतर वीस मीटर. साहेबांच्या टेपवर एकवीस.

"एक मीटरची चूक!" साहेबांनी वहीत 'नापास' लिहूनही टाकलं. तीन वर्षं पाण्यात!

राठोडसरांचे बाबा मात्र टेपचं टोक हातात घेऊन बघत होते. "साहेब, तुमची टेप समोरून तुटेल हाये. एकपासूनच सुरू होऊन राह्यली!"

साहेब भडकले. "टेप ऑफिसची आहे!"

बाबांनी हात जोडले. "मंग त्या उपग्रहायलेच सांगा न साहेब, एक मीटर सरकाले!"

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि 'नापास'च्या खाली तेही लिहून घेतलं.