ताईंच्या गच्चीवरची सावली

बोलताना काका तांब्याच्या तारेचा तुकडा बोटाला गुंडाळत. दुरुस्त झालेल्या पंपाच्या मोटारीला कान लावत. गाडी चार्जिंगला लावली की तिच्या पाठीवर थाप मारत. शेजारच्या गच्चीविषयी बोलताना तिकडे बघत नसत.

शेजारची गच्ची त्यांच्या थोरल्या बहिणीची, ताईंची. काकांचा धंदा मोटारींच्या वाइंडिंगचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा. गल्लीनं एकमेकांना सौरवीज विकायचं ठरवलं, तेव्हा घराघरांची जोडणी त्यांनीच केली. उरलेली वीज आधी कोणाला द्यायची आणि कोणाची घ्यायची नाही, हे ज्यानं त्यानं मोबाइलवर ठरवायचं. काकांनी यादीत ताईंचं घर पहिलं टाकलं. ताईंनी काकांचं घर वगळलं.

कारण काकांची पाण्याची टाकी. दुपार कलली की तिची सावली ताईंच्या पॅनेलवर पडायची. ताई घरोघरी जाऊन आजारी माणसांकडून व्यायाम करून घेत. त्यांची गाडी अर्धवट चार्ज राहायची.

"काकांची वीज घ्या ना," काकांच्या हाताखाली काम शिकणारा मी एकदा ताईंना म्हणालो.

"माझंच ऊन अडवायचं आणि मलाच विकायचं? भलताच शहाणा आहे."

मी ते काकांना सांगितलं.

"फुकट देतो म्हणावं."

"फुकट तर मुळीच नको, म्हणाल्या."

"म्हणणारच. लहानपणी भांडण झालं की ही जेवायची नाही आणि आई मला बडवायची."

मग बराच वेळ ते तार गुंडाळत राहिले. "चूक टाकीची आहे," म्हणाले. "वीज देऊन काय होणार?"

रविवारी त्यांनी टाकी रिकामी केली, नळ सोडवले आणि पलीकडच्या कोपऱ्यात नवा लोखंडी सांगाडा उभा केला. ताई आपल्या गच्चीवर आल्या. कित्येक महिन्यांनी बोलल्या.

"पडशील. माणूस लाव."

"माणूसच लावलाय," काका छातीवर हात ठेवून म्हणाले.

ताई हसू दाबत खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. काका झोपेतच गेले. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

आता काकांच्या छतावरची वीज ताईंच्या गाडीत जाते. त्यांनी काकांचं घर वगळलेल्या यादीतून काढून टाकलं. मला हे त्यांनी सांगितलं नाही, मोबाइलवर दिसलं.

टाकी हलवायची राहिली होती, म्हणून मी काकांच्या गच्चीवर गेलो होतो. जुन्या सांगाड्याचा शेवटचा बोल्ट गंजून बसला आहे. काकांचा पाना त्यावर तसाच अडकलेला. मी हात लावला, तर पलीकडून ताई म्हणाल्या, "राहू दे."

टाकी जुन्याच जागी आहे. नवा सांगाडा रिकामा.