आत्याचा पहिला हक्क

माझ्या माहेरच्या गावाचं नाव मी इथं लिहीत न्हाई. एकदा लिहिलं तेवढं बास झालं.

मी डॉक्टर, पण गोळ्या देणारी नव्हे. कुठल्या गावात कोणता आजार कामून जास्त, हे शोधत हिंडणारी. राहते कलबुर्गीत. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की लेकरांच्या दातांवर डाग पडतात, पुढं म्हातारपणी गुडघे धरतात. त्यावर आम्ही बिदरकडच्या गावांत अभ्यास केला. सोबत पुण्याचे, बेंगळुरूचे लोक होते, अन् परदेशातल्या एक बाई. लेख छापायच्या वेळी त्या बाई म्हणाल्या, गावांची नावं नकोत, नुसते आकडे टाकू. मी इरेला पेटले. अहो, माझं माहेर ते! कधी नव्हं ते नकाशावर यायलंय, अन् त्याला आकडा? नाव घालायलाच लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लेखाचं लई कौतुक झालं. पेपरात आलं, गावात शुद्ध पाण्याचा प्लांट बसला, तो आजही चालतो. तुमच्या संशोधनाचा परिणाम काय, असं कुणी विचारलं की मी त्या प्लांटचा फोटो दाखवते. दुसरा परिणाम मला भावानं फोनवर सांगितला.

"अक्का, पोरीला स्थळं येईनात. गावाचं नाव सांगितलं की पाहुणे फोन ठेवायलेत. तो नकाशा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरायलाय."

शेवटी हुमनाबादकडचे एक पाहुणे यायला तयार झाले. भावानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. तू डॉक्टरीण, तुझ्या तोंडून ऐकलं की त्यांना पटंल, म्हणाला. मला बरंच वाटलं. आपण बिघडवलेलं आपणच नीट करू, असं म्हणत गेले.

भाची माझी बी.एड. झालेली, उंच, बोलायला खणखणीत. पुढच्या दातांवर तपकिरी डाग, बस्स. चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. मग मुलाची आई तिला म्हणाली, "बाळा, जरा हस की."

पोरगी हसली न्हाई. खाली बघत बसली. मला असा संताप आला! बैलाचे दात बघायलात का, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. मी सरसावून बसले अन् समजावून सांगितलं. हे डाग पाण्याचे, लेकरपणी पडलेले. हा रोग नव्हे, पोराबाळांत उतरत न्हाई. आता गावात पाणी चांगलं आहे. इतकं मनापासून मी कुठल्या परिषदेतही बोलले नसेन. मुलाचे वडील मान डोलवायले. भावाच्या तोंडावर तर उजेड पडला.

मुलाच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. पदर सारखा केला अन् विचारलं, "डॉक्टरबाई, तुमाला लग्नाचा पोरगा हाय म्हणं?"

"हाय की."

"मग भावाच्या पोरीवर आत्याचा हक्क पहिला. आमच्याकडं आत्या आधी मागती, तिनं सोडलं की मग बाहेरचे. तुमी कामून मागितलं न्हाई?"

विचारण्यात काही वावगं नव्हतं. आमच्या सीमाभागात रीतच आहे ती. पण माझ्या डोळ्यांपुढं काय आलं? देवाशपथ सांगते, माझ्या मुलाच्या लग्नातले फोटो आले. अन् त्या फोटोंत हिचे दात.

मी गप्पच झाले. सगळे माझ्याकडं बघायले. मग घाईघाईनं म्हणाले, "जवळच्या नात्यात करू नये हो. लेकरांना त्रास होतो. शास्त्र सांगतं तसं."

हे खरं आहे. गावोगाव मी हेच सांगत फिरते.

"व्हय, व्हय," ती बाई हसली. "शास्त्र तर असतंयच. आमचं बी तसंच समजा." कुंकू लावून घेतलं अन् निघाले ते लोक.

भावानं खुर्च्या उचलून ठेवल्या. वहिनीनं कप गोळा केले. कुणीतरी माझ्याशी भांडावं, चार शिव्या हासडाव्यात, असं मला वाटत होतं. माहेर ते, तेवढा हक्क होता त्यांचा. तर वहिनीनं ताट वाढलं, भाकरीवर माझ्या आवडीची शेंगाचटणी घातली, वर तेल सोडलं. लाजेनं मान वर करवत नव्हती.

निघाले तेव्हा भाची गाडीपर्यंत आली. मी तिचा हात धरला. "बाळा, पुढच्या पाहुण्यांना मी अजून नीट सांगीन."

"आज बी नीटच सांगितलंस की आत्या," ती म्हणाली. "पण शास्त्र आठवायला तुला एवढा वेळ कामून लागला?"