पारूबाईंची भरलेली बाटली

कसबा बावड्याच्या पारूबाई कांबळेंना दवाखान्यात सगळे मावशी म्हणायचे, आणि मावशींचा तोरा डॉक्टरांपेक्षा दोन बोटं जास्तच असायचा. चौदा वर्षं ड्रेसिंगची ट्रॉली त्यांच्या ताब्यात. पिठाचा डबा खरवडून रिकामा करायचा नाही, तळाला मूठभर ठेवायचं, ही आईची शिकवण. तीच त्यांनी जंतुनाशकाच्या मोठ्या बाटलीला लावली होती. चार बोटं औषध उरलं की वरून नवं औषध आणि पाणी. बाटली भरलेली दिसली की त्यांना बरं वाटायचं.

१९९८च्या उन्हाळ्यात गडहिंग्लजचा जिनपाल मांडीत रॉड बसवून वॉर्डात आला आणि पारूबाईंच्या जिवाला घोर लागला. जखम काही मिटेना. आठव्या दिवशी पट्टीवर हिरवट पू दिसला, गोडसर कुबट वास सुटला. शेजारच्या दोन खाटांवरही तेच.

"मावशी, पोराचा पाय ऱ्हाईल न्हवं?" जिनपालची आई अक्काताई रोज विचारायच्या. "तुमच्या हाताला गुण हाय. तुम्हीच धुवा."

पारूबाई धुवायच्या. एकदाच्या जागी तीनदा, अगदी सढळ हातानं. जखम आणखीच चिघळायची. मग त्यांनी झाडूवालीला फैलावर घेतलं, भेटायला येणाऱ्यांना चपलांवरून हाकललं, पंख्याची पातीसुद्धा पुसली. कशातच चैन पडेना.

शेवटी प्रयोगशाळेच्या निशा डॉक्टरांनी नळ, कात्र्या, खाटा, अगदी पारूबाईंच्या बोटांवरूनही नमुने घेतले. अहवालाला तीन दिवस लागणार होते. आपल्याच बोटांत काही निघालं तर, या भीतीनं त्या दिवसातून दहादा हात धुवायच्या.

निघालं बाटलीत.

"मावशी, बाटली रिकामी करून कधी उकळली होती का?" निशा डॉक्टरांनी विचारलं. "पातळ केलेल्या औषधाचा जोर जातो, हा जंतू त्यातच वाढतो. तुम्ही वरून भरत गेलात, तो विरजणासारखा तळाला राहिला."

मोठ्या डॉक्टरांनी बाटल्या फेकायला लावल्या आणि दम भरला, यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये. नव्या औषधानं शेजारचे दोघे बरे होऊन घरी गेले. जिनपालचा रॉड मात्र काढावा लागला. पाय वाचला, पण आखूड राहणार होता.

"तुम्ही तीन-तीनदा धुतलासा म्हणून पाय तरी ऱ्हायला," असं म्हणत अक्काताईंनी घरच्या शेंगांची पिशवी पुढं केली.

पारूबाईंना ते सोसवेना. नोकरी जाईल हे कळत होतं, तरी तोंडून गेलंच.

"अक्का, शेंगा नकोत मला. ती घाण माझ्याच बाटलीतनं आली. माझ्याच हातानं गेली पोराच्या पायात."

पिशवी खाली ठेवून अक्काताईंनी जिनपालच्या पायावर चादर ओढली आणि पारूबाई ट्रॉली घेऊन निघून जाईपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरली.