दूधभाताची बेंगाल

लेकीला पुण्यात नोकरी लागली आणि तिची बेंगाल जातीची मांजर देवासला माझ्या गळ्यात पडली. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, तोरा एखाद्या सरदारणीचा आणि पाण्याचं भलतंच वेड! नळ सोडला की ही हजर. मामंजी, म्हणजे माझे सासरे, देवावर अभिषेकाची धार धरायचे, तर ही मध्येच पंजा घालायची. मी ओरडले की ते म्हणायचे, "असू दे गं. मांजर सदा सोवळंच."

आमच्या घरात आजवर अंडंसुद्धा शिरलेलं नाही. लेकीने खाऊची मोठी पिशवी ठेवली होती, पण तिच्यावर मासळीचं चित्र! मी ती उचलून गल्लीतल्या कुत्र्यांना घातली. मांजरीला काय, दूधभात. वरून चमचाभर साजूक तूप. एकादशीला साबुदाण्याची खिचडी. हसा खुशाल, पण मी मायेनेच देत होते हो. तीही बिचारी भुकेपोटी चाटायची.

हळूहळू तिचं पोट बिघडलं, केस झडले, फ्रिजवर उडी मारणं थांबलं. मग एका सकाळी मी नळ सोडला आणि ती उठलीच नाही. तशीच रिक्षा करून तिला डॉक्टरांकडे नेलं.

"भाभीजी, जान लोगी क्या इसकी?" डॉक्टर म्हणाले. "गोश्त चाहिए इसको. नहीं तो आँखें जाएँगी, दिल भी बैठ जाएगा."

घरी येऊन मामंजींना सांगितलं. ते बराच वेळ जपमाळ ओढत बसले. मग म्हणाले, "ह्या घरात मांस शिजायचं नाही. इंदूरला तिच्यासाठी चांगलंसं घर बघा."

माझं डोकं असं फिरलं! "बघते," म्हटलं, "मग उद्यापासून अभिषेकाला एकटेच बसा!" आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. खरं तर रडू येत होतं. मामंजी त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी पूजा आटोपून स्वतःच म्हणाले, "परसात चूल मांड. भांडं वेगळं ठेव. उंबऱ्याच्या आत काही आणू नकोस."

शेजारचा भिया, आमच्या माळव्यात भावाला असंच म्हणतात, बाजारातून कोंबडी आणून द्यायचा. मी नाकाला पदर बांधून ती उकडायची आणि मग डोक्यावरून अंघोळ. रोज! पण बाईसाहेब तरारल्या. पुन्हा फ्रिजवर चढू लागल्या, अभिषेकात लुडबुडू लागल्या. घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

मध्यंतरी मला ताप भरला. आमचे हे बदलीमुळे खातेगावला, रविवारीच येणार. मांजर उपाशी राहणार म्हणून जीव तळमळत होता, पण उठवेना. इतक्यात परसातून उकडल्याचा वास आला. भिंतीला धरत खिडकीशी गेले.

उपरण्याने नाक बांधून मामंजी उकिडवे बसले होते. समोर तिची वाटी. जेवायला बसताना आपण ताटाभोवती पाणी फिरवतो ना, तसं ते तांब्याने तिच्या वाटीभोवती फिरवत होते आणि ती त्या धारेत पंजा घालत होती.

"अगं थांब, पाणी तरी फिरवू दे."

पाणी फिरवून झालं. मामंजी जरा मागे सरकले आणि पंगतीतल्या पाहुण्याला म्हणावं तसं अदबीने तिला म्हणाले, "हं, सावकाश होऊ द्या."