थरथरता आकडा

आमच्या तंत्रनिकेतनात गौसियाचं पद प्रयोगशाळा सहायकाचं, पण दरारा प्राचार्यांहून मोठा. मी तिच्याच विभागातला मास्तर. पण तिने तपासलेलं मीटर पुन्हा तपासायची माझी कधी छाती झाली नाही. हा काटेकोरपणा तिच्या अब्बांचा. शकीलचाचा खामगावच्या कापूस बाजारात पस्तीस वर्षं मापाडी होते. व्यापारी घाई करो की शेतकरी, काटा पुरता थांबल्याशिवाय त्यांनी वजन पुकारलं नाही.

बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी लागली त्या वर्षीची गोष्ट. मेहकरकडच्या एका महिला गटाला फवारणीचे तीस बॅटरी पंप मिळाले होते. अळी बोंडात शिरायच्या आत फवारायचं, आणि पंप सुरू करताच बंद! पुरवठादार म्हणे, बायकांना चार्जिंगच जमत नाही. शेवटी ठरलं की गौसिया बॅटऱ्या तपासेल. ती नापास करेल तेवढे पंप आठ दिवसांत बदलून मिळणार होते. पास केले तर बायकांच्या हाती भोपळा.

इलेक्ट्रॉनिक लोड नावाची आमची पेटी मोटारीसारखाच करंट ओढून बॅटरीचा दम जोखते. गौसियाने बॅटरी जोडली तर व्होल्टचा आकडा नाचायला लागला. समोर सगळा गट बसलेला. तिने पेटीचं डॅम्पिंग शेवटपर्यंत वाढवलं. मग पेटी सरासरी काढून आकडा सावकाश दाखवते. आकडा बारावर शांत बसला. दुपारपर्यंत तीसही बॅटऱ्या पास झाल्या आणि गौसियाने अहवालावर सही केली. कोपऱ्यात उभ्या पुरवठादाराचं हसू पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आकड्यापुढे बोलणार काय?

बोलली ती गटाची अध्यक्ष शालूबाई. तिची दोन एकर कपाशी फवारणीवाचून उभी होती.

"बाई, तुमचा आकडा खोटा म्हनत नाई मी. पन खटका दाबला का पंप गचका खाते अन् बंद पडते. तो गचका तुमच्या पेटीले काऊन दिसत नाई?"

गौसियाचा चेहरा उतरला. वजनासाठी काटा थांबू द्यायचा असतो. इथे ती थरथरच मोजायची होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने दाबून टाकली होती.

"काकू, चुकलं माझं," ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि सहीवर आडवी रेघ मारली. पुरवठादार ओरडत राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तिने डॅम्पिंग बंद केलं. पंपाची मोटार दहा व्होल्टच्या खाली आपोआप थांबते, म्हणून सेटिंगमध्ये तिने पेटीला बजावलं: बॅटरी क्षणभर जरी दहाच्या खाली गेली, तर खूण लाव आणि मी विचारेपर्यंत ती काढू नकोस. मग शालूबाईच्या पंपाची बॅटरी जोडून करंट ओढला. आकडा असा फडफडला की डोळ्याला कळेना. पण पेटी पीं करून ओरडली आणि पडद्यावर खूण लागली. लागली ती लागलीच.

तिसांपैकी सव्वीस बॅटऱ्यांवर पेटी ओरडली. शेवटी शेवटी तर बायका प्रत्येक आवाजाला टाळ्या वाजवत होत्या. मास्तरकी विसरून मीही वाजवल्या. एक बॅटरी उघडली तर आतले सांधे डाग न देता नुसते चिकटवलेले. पुरवठादाराने खालमानेने पंप बदलून देण्याच्या कागदावर सही केली.

आठव्या दिवशी गौसियाला फोन आला. पलीकडे शालूबाईने फोन थेट पंपाजवळ धरला होता. मोटार एका सुरात चालली होती. गौसियाने फोन माझ्या कानाला लावला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. शकीलचाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि मापाड्याचा प्रश्न विचारला, "लिवलं तव्हा काटा थांबला होता का, बेटा?"

"नाही अब्बा. थरथरत होता. तसाच लिहिला."

चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मंग," ते म्हणाले, "माह्याहून बराबर मोजलं तू."