मधला खांब

टीव्हीवर बर्फावर गिरक्या घेणाऱ्या मुली तुम्ही पाहिल्या असतील. मी तेच करते, फक्त चाकांच्या बुटांवर. आमच्या छत्रपती संभाजीनगरात बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर, त्यामुळे इलाज नाही. पण उडी तीच, गिरकी तीच आणि आपटल्यावर माकडहाडातून निघणारी कळही तीच.

शिकले कुठं, तर उस्मानपुऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात. बाबा तिथं रखवालदार, आई तिथंच पोळ्या लाटायला. आम्ही कन्नड तालुक्याकडची शेतीतली माणसं, कार्यालयामागच्या खोलीत येऊन राहिलो. लग्न नसेल त्या दिवशी हॉल माझा. मैत्रिणी दिवाळीची वाट बघायच्या, मी पौषाची. पौषात मुहूर्त नसतात, त्यामुळे ती गुळगुळीत फरशी महिनाभर मोकळी मिळायची. माझ्या स्केटिंगच्या सरांचं औरंगपुऱ्यात खेळाच्या सामानाचं दुकान होतं. ते उघडायच्या आधी, सकाळी सकाळी, ते मला शिकवायला यायचे.

हॉलच्या बरोबर मध्ये एक खांब होता. छत पेलायला तो हवाच होता म्हणे, पण नवरीकडचे, नवरदेवाकडचे आणि फोटोवाले असे सगळे मिळून त्याला शिव्या घालायचे. माझा पुढचा अर्धा दात त्यानंच नेला. तेव्हापासून आईनं नियम केला. आधी ती जुन्या लुगड्यांची गोधडी खांबाभोवती गुंडाळून सुतळीनं बांधणार, मगच मी फरशीवर उतरणार. सराव संपला की गोधडी सोडून घडी. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि मी त्या खांबाला वळसे घालत मोठी झाले.

गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत एका परीक्षक बाईंनी सरांना बाजूला घेतलं. "मुलगी छान आहे हो, पण मध्यभागी का जात नाही?" सर आधी गोंधळले, मग हसत सुटले. मोबाईलवर चित्रण पाहिलं, तर माझा सगळा नाच म्हणजे देवळाभोवतीची प्रदक्षिणा. मधली जागा कोरी. तिथं काहीच नव्हतं आणि मी त्याला इमानेइतबारे वळसा घालत होते. मला काही हसू येईना. असा संताप आला, आणि तोही खांबाचा नाही, स्वतःच्या पायांचा.

या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड होणार होती. सरांनी ठरवलं, अ‍ॅक्सल ऐन मध्यात. अ‍ॅक्सल म्हणजे अवघड उडी. पाठमोरं वेगानं जायचं, शेवटच्या क्षणी तोंड फिरवून उडायचं, हवेत दीड गिरकी घ्यायची आणि पुन्हा पाठमोरं उतरायचं. जाताना काही दिसत नाही, सगळा भरवसा पायांवर. कोपऱ्यात ही उडी मला झोपेतही आली असती. पण मध्यात सराव करू कुठं? नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात. माझं अंगण खरोखरच वाकडं होतं, हे कुणाला पटवू?

निवडीची स्पर्धा पुण्याला होती. सर, आई आणि मी एसटीनं गेलो. तिथली स्केटिंगची रिंक पाहिली आणि आनंदानं अंगावर काटा आला. केवढी मोकळी जागा, कुठं एक अडथळा नाही. कधी एकदा उतरते असं झालं. पण सरावाला उतरले, मध्याकडे दोनदा सुसाट गेले आणि दोन्ही वेळा पाय आपसूक वळले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"बेटा, वहाँ कुछ नहीं है," सर कठड्यावरून म्हणाले.

"मला माहितीये सर. पायांना सांगा," मी फणकारले.

माझं नाव पुकारायला थोडाच वेळ उरला होता. आई कठड्याशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"काय झालं गं?"

"मला तिथं खांब लागतो."

"आज गोधडी बांधली का मी?"

"नाही."

"मग? मी बांधल्याबिगर तू कधी उतरलीस व्हय? गोधडी पडली घरी पेटीवर. म्हंजे तिथं खांब नाय. जा."

हा हिशेब ऐकून मला हसूच फुटलं. नाव पुकारलं तेव्हाही मी हसतच होते.

संगीत सुरू झालं. पहिल्या गिरक्या झाल्या, मी वेग घेतला आणि पाठमोरी मध्याकडे निघाले. डोळ्यांसमोर पेटीवरची गोधडी होती, नीट घडी घातलेली. पाय वळले नाहीत. तोंड फिरवलं, डावा पाय दाबला, उजवा गुडघा वर फेकला, आणि इतकी वर्षं जिथं खांब होता तिथं हवेत मी होते. उजव्या पायावर उतरले, हात पसरून, सरळ. खांबाच्या आत शिरून पलीकडनं बाहेर आल्यासारखं वाटलं. जोरात ओरडावं असं वाटत होतं, पण नाच अजून बाकी होता.

निवड झाली. सरांनी ते सांगितल्यावर आईनं पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि आधी सरांच्या हातावर ठेवला.

घरी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मुहूर्त नव्हता. मला कुठला धीर. अंगात नुसतं वारं शिरलेलं. आई गोधडी आणायला खोलीत गेली, सर दारात चपला काढत होते, तेवढ्यात मी बूट चढवून फरशीवर उतरलेही. पाठमोरा वेग घेतला. मान ताठ, पाय सरळ, काय वेग होता. आणि पाठ धाडकन खांबावर.

श्वासच अडकला. सर अनवाणी धावत आले. त्यांच्यामागून आई आली, गोधडी काखेत.

"तिथं नाय म्हणलं व्हतं मी," ती म्हणाली. "हितला कुठं गेलाय?"

मी फरशीवर बसले होते. पाठ ठणकत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू काही थांबत नव्हतं.

"सर," श्वास परत आल्याबरोबर मी म्हणाले, "बघितलंत ना? पाय वळले नाहीत."