पांढरीची माती

आमच्या सर्वेक्षणात सरांचा एकच नियम होता: ज्याच्या पट्ट्यात जुनी वस्ती सापडेल, तिथलं उत्खनन त्याच्या हाती. म्हणून भीमाकाठची रानं वाटून घ्यायची वेळ आली तशी मी पुढं घुसले. एका नांगरटीत खापरंच खापरं पडली होती. ते रान मी घेतलं आणि नदीकडची नुसत्या गाळाची पट्टी तिच्याकडं ढकलली.

ती म्हणजे माझी जोडीदारीण. पुण्याची. उन्हात रापत नाही, कुणाशी भांडत नाही, आणि सर तिला ‘बेटा’ म्हणतात. मला आडनावानं. तिचं नुसतं हसणंसुद्धा माझ्या डोळ्यांत सलायचं, काय सांगू! ही वस्ती काही झालं तरी माझीच, असं मी ठरवून टाकलं होतं.

खड्डा घेतला. वीतभर खापरं, आणि त्याखाली स्वच्छ काळी माती. राखेचा कणसुद्धा नाही. अगं बये! जुन्या गावठाणाची पांढरी माती लोक खत म्हणून गाड्या भरून रानात टाकतात, खापरांसकट. अकलूजला आमच्या वडलांनीच टाकलेली, मी त्या गाडीत बसून गेलेली. शेतकऱ्याची लेक असून मला दिसलं नाही, कारण माझं सगळं लक्ष तिच्यावर.

तेवढ्यात नदीकडनं तिची हाक आली. पुरानं कापलेली दरड तिनं तासली होती. पुरुषभर गाळाखाली चोपलेली जमीन, राख आणि अख्खी चूल. माझा नुसता जळफळाट झाला.

हाक ऐकून आलेल्या सरांनी विचारलं, “मग हिच्या रानातली खापरं कुठली?”

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “इथलीच, सर. लोकांनी याच दरडीतनं माती उकरून नेलीय, या खाचा बघा. वस्ती आहे हे हिला आधी कळलं, मला नुसती जागा सापडली. आम्ही दोघी मिळून खणतो.”

सर म्हणाले, “चालेल की.”

शहरात परतताना सात रस्त्याच्या चौकात आम्ही दोघी चहाला थांबलो. “रागावलीस का गं?” तिनं विचारलं.

“व्हय, लई. एवढं चांगलं वागायला तुला सांगितलं कुणी?”

तिला गंमत वाटली, ती हसत सुटली. सरळ हरले असते तर घरी जाऊन रडून मोकळी झाले असते. आता उत्खनन मिळालं होतं, तेही तिनं दिलेलं, आणि आभार काही केल्या तोंडातून निघत नव्हते.